खोली नंबर १४ चं तावदान: भट्टीतल्या काचेचं एक प्रकरण

गिरगावातली एक चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली. तीन मजली, बावीस बिऱ्हाडांची, शंभरी ओलांडलेली. पाडकाम सुरू व्हायच्या आधी चाळीच्या कमिटीतले काका माझ्या भांडुपच्या गाळ्यात आले, तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार तावदानं होती. प्रत्येक खोलीच्या खिडकीची काच त्यांनी सुताराकडून काढून घेतली होती, मागे खोलीचा नंबर लिहून. त्या त्या काचेची एकेक बशी करायची आणि गणपतीत सगळे भाड्याच्या हॉलवर जमतील तेव्हा ज्याची त्याला द्यायची, अशी कल्पना.

"ताई, काच मात्र आमचीच हवी. दुकानातली नको," काका म्हणाले.

मी हो म्हटलं. दोन थर एकावर एक ठेवून भट्टीत वितळवायचे, मध्ये तांब्याच्या पत्र्यातून कापलेला खोलीचा नंबर, मग दुसऱ्या फायरिंगला, म्हणजे भट्टीच्या दुसऱ्या फेरीला, साच्यात बसवून बशीचा खोलगट आकार. पंधरा सेंटिमीटरची चौकोनी बशी. असं काम मी आधी पुष्कळदा केलं होतं. पण इथे एक गोष्ट वेगळी होती: एखाद्या खोलीची काच फुटली तर तिच्या जागी दुसरी आणता येणार नव्हती.

फुटली. खोली नंबर १४ ची. तीही भट्टीत नव्हे, तयार होऊन मांडणीवर ठेवल्यावर तिसऱ्या रात्री. ती का फुटली हे शोधायला मला सहा फायरिंग आणि अडीच आठवडे लागले. वाटेत मी काय काय चुकीचं समजले तेही इथे लिहिते आहे, कारण फ्यूजिंग, म्हणजे काच भट्टीत वितळवून जोडायचं काम, करणाऱ्या प्रत्येकाला या अडचणी कधी ना कधी येतात आणि त्या सहसा एकेकट्या येत नाहीत.

पहिली चूक काच ओळखण्यातली

पहिल्या फायरिंगला मी नमुना म्हणून एकच बशी केली. खाली चाळीची काच, वर चाळीची काच आणि एका कडेला शोभेसाठी माझ्याकडच्या फ्यूजिंगच्या निळ्या काचेची पट्टी. भट्टी उघडली तर पट्टीच्या कडेकडेने, जणू पट्टी आखून, तडा गेलेला.

हा तडा ओळखायला सोपा असतो. दोन काचा जिथे भेटतात तिथेच तो धावतो. माझी निळी काच ९० सीओईची होती, म्हणजे एक अंश तापमान बदललं की ती आपल्या लांबीच्या एक कोटी भागांपैकी साधारण ९० भाग आकसते किंवा पसरते. खिडकीच्या काचेचा हा आकडा सहसा ८३ ते ८७ च्या आसपास असतो. फरक किरकोळ वाटतो. पण हिशेब करून बघा: दोन काचांत सहाचा फरक असेल, तर काच घट्ट झाल्यापासून, म्हणजे साधारण ५०० अंशांपासून, खोलीच्या तापमानापर्यंत येताना पंधरा सेंटिमीटरच्या बशीत एक काच दुसरीपेक्षा सुमारे ०.०४ मिलिमीटर जास्त आकसू बघते. वितळून एकजीव झाल्यामुळे ती आकसू शकत नाही. हा ताण कायमचा आत राहतो. कधी भट्टीतच तडकते, कधी महिन्याभराने, कधी गरम चहाचा कप ठेवल्यावर.

निळी पट्टी काढून टाकली. पण मग माझ्या मनात पुढचा प्रश्न आला, जो आधीच यायला हवा होता: चाळीची काच तरी सगळी एक आहे का?

शंभर वर्षांत क्रिकेटच्या चेंडूंनी किती आणि पतंगाच्या दिवसांत किती तावदानं फुटली असतील! प्रत्येक वेळी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी काच बसवलेली. मी सगळी तावदानं एकेक करून ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. काहींत नळीचं प्रतिबिंब सरळ दिसलं, काहींत पाण्यात पडल्यासारखं हललं. हलणाऱ्या काचा जुन्या, यंत्राने वर ओढून काढलेल्या. सरळ दिसणाऱ्या बहुतेक फ्लोट, म्हणजे वितळलेल्या कथिलावर तरंगवून केलेल्या. पिल्किंग्टन कंपनीने ही पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली, तेव्हा त्या काचा त्याआधीच्या असूच शकत नाहीत. जाडीही सारखी नव्हती. कॅलिपर लावल्यावर दोन मिलिमीटरपासून साडेतीनपर्यंत आकडे आले.

म्हणून नियम केला: एका बशीतले दोन्ही थर एकाच तावदानातून कापायचे. एका खोलीच्या दोन खिडक्यांतून एकेक थर घेणंसुद्धा बंद. काकांच्या "आमचीच पाहिजे" या अटीहून ही अट कडक झाली, पण दोन थरांच्या प्रसरणाचा प्रश्नच तिने मिटवला.

तड्याची कड काय सांगते

दुसऱ्या फायरिंगला चार बश्या लावल्या. त्यातली एक बरोबर मधून सरळ दुभंगली होती. दोन्ही तुकडे बोटभर लांब सरकलेले आणि तुटलेल्या कडा गोल, मऊ, चोखलेल्या गोळीसारख्या.

कड गोल असेल तर काच तापताना फुटली. आधी तडकली, मग पुढचं तापमान चढलं आणि तुटलेली कड वितळून गोल झाली. कड धारदार असेल तर काच निवताना किंवा निवल्यावर फुटली, कारण त्यानंतर तिला वितळायची संधीच मिळाली नाही. फ्यूजिंग शिकणाऱ्याला मी पहिल्या दिवशी हे सांगते. काच फुटली की आधी भट्टीचं तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरकडे धावू नका, तुकडा हातात घ्या आणि कडेवरून अलगद नख फिरवा. ती कधी फुटली हे कळल्याशिवाय प्रोग्रॅममधला कोणता आकडा बदलायचा हे कळणं शक्य नाही. निवताना फुटलेल्या काचेसाठी तापवण्याचा वेग कमी करून काहीच साधत नाही, आणि मी असं करणारे खूप जण पाहिले आहेत.

तर ही तापताना फुटली होती. माझी भट्टी पुढून दार असलेली, आतून सिरॅमिक फायबरची, आणि तिची कॉइल दोन्ही बाजूंच्या भिंतींत आहे. फ्यूजिंगसाठी खास केलेल्या भट्ट्यांत कॉइल वर छतात असते, म्हणजे काचेला सगळीकडे सारखी आच लागते. माझ्या भट्टीत भिंतीजवळची कड आधी तापते आणि मधला भाग मागे राहतो. गरम कड पसरू बघते, थंड मध्य तिला धरून ठेवतो. ताशी २५० अंशांचा वेग अशा भट्टीला झेपणारा नव्हता. तो ताशी १०० वर आणला. बश्या भिंतीपासून आठ सेंटिमीटर आत घेतल्या आणि शेल्फ तळावरून चार सेंटिमीटर उचलून खुंट्यांवर ठेवलं, खालूनही हवा फिरावी म्हणून. त्यानंतर तापताना एकही बशी फुटली नाही. हा प्रश्न तिथे संपला.

तिसरं फायरिंग

या वेळी काही फुटलं नाही. पण बश्या बाहेर काढल्यावर मी बराच वेळ त्यांच्याकडे नुसती बघत राहिले.

चार बश्यांपैकी दोनांत मोठा फुगा. एक तर फुटून विवर झालेलं, कडेला पातळ काचेची धारदार झालर. सगळ्यांच्या कडांवर सुईसारखे बारीक काटे. काच चिकटू नये म्हणून शेल्फला दिलेला पांढरा लेप पाठीला असा चिकटलेला की घासूनही निघेना. दोन बश्यांवर दुधी, खरखरीत साय आलेली. एकाच फायरिंगमध्ये चार तक्रारी.

मी चार तक्रारींची चार कारणं शोधली. प्रत्येक कारण आपल्या जागी पुस्तकी बरोबर होतं, म्हणूनच फसायला झालं.

फुग्यांसाठी मी ओलाव्याला धरलं. जुलैचा महिना, भांडुपचा गाळा, भिंतीला ओल. शेल्फवरचा लेप आदल्या रात्री लावलेला, वरून कोरडा दिसला तरी आत ओल धरून बसतो. ती वाफ काचेखाली अडकते आणि काच मऊ झाली की तिला फुगवते. पावसाळ्यात शेल्फ लेप लावून आधी रिकामंच २५० अंशांपर्यंत तापवून घ्यावं, ही काळजी मी नेहमी घेते. त्या वेळी घाईत राहून गेली होती.

दुसरं कारण नंबरांत सापडलं, आणि ते मला आजही मोलाचं वाटतं. थरांमधले बारीक फुगे बहुतेक ० आणि ४ या आकड्यांच्या पोटात होते. तांब्याचा पत्रा कितीही पातळ असला तरी त्याला जाडी असते. शून्य हे बंद कुंपण आहे. वरची काच त्यावर टेकली की आतली हवा कोंडली जाते. ४ च्या खालच्या गाठीचंही तसंच. १, २, ३ मध्ये हवा वाट काढून जाते. मग मी ० आणि ४ मध्ये केसाएवढी फट कापायला लागले. चिकट पाठीचा तांब्याचा टेप अजिबात वापरला नाही; त्याचा गोंद जळतो आणि त्याचाच धूर फुगा होतो. पत्रा पातळच हवा याला आणखी एक कारण आहे. तांबं काचेच्या जवळजवळ दुप्पट पसरतं-आकसतं. पातळ असेल तरच ते काचेचं ऐकतं, जाड असेल तर काच तडकवतं. आत बंद झाल्यावर त्याला किरमिजी-तांबूस रंग येतो, तो फार देखणा दिसतो.

सायीचं नाव डेव्हिट्रिफिकेशन. काचेच्या पृष्ठभागावर स्फटिक धरतात आणि ती काच राहत नाही. साधारण ७०० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात काच जास्त वेळ रेंगाळली की हे होतं, आणि खिडकीच्या काचेला याची खोड जास्त. स्फटिकाला सुरुवात करायला कण लागतो: बोटाचा ठसा, साबणाचा थर, पुट्टीचा अंश, जुन्या ऑइलपेंटचा ओरखडा. चाळीच्या तावदानांच्या कडांना पुट्टी आणि हिरवा रंग होताच. मी ओलं ठेवून पात्याने खरवडलं, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची कोरडी धूळ श्वासात जायला नको. मग भरपूर पाण्याने धुतलं, शेवटी स्वच्छ सुती कापड. वरच्या थरावर टाकणखाराचं पातळ पाणी फवारलं. सोनार डाग देताना वापरतात तोच टाकणखार. तो वितळून पृष्ठभागावर काचेसारखी झिलई धरतो आणि स्फटिकाला पाय रोवू देत नाही. ज्या काचा फ्लोट होत्या त्यांची कथिलाची बाजू मी खाली ठेवली. ती ओळखायला २५४ नॅनोमीटरचा, कमी तरंगलांबीचा अतिनील दिवा लागतो. त्याखाली कथिलाची बाजू दुधी चमकते. नोटा तपासायच्या दिव्याने सहसा काही कळत नाही, त्याची तरंगलांबी वेगळी असते.

चिकटलेल्या लेपासाठी मी लेपालाच दोष दिला. हा लेप ॲल्युमिना हायड्रेट आणि केओलिनचा. पूर्ण वितळायच्या तापमानाला केओलिन बदलतं आणि दुसऱ्या फायरिंगला काचेला धरतं, म्हणून प्रत्येक वेळी जुना लेप खरवडून नवा लावायचा असतो. मी तो मास्क लावून खरवडला आणि नवे पाच पातळ हात दिले.

काट्यांचं कारण मात्र मला सांगता आलं नाही. काठ मऊ होऊन आत ओढला जाताना लेपावर अडकतो आणि मागे बारीक सुई सोडतो, एवढं ठाऊक होतं. दोन थर मिळून सहा मिलिमीटरच्या खाली असले तर हे होतं, कारण वितळलेली काच आपणहून सुमारे सहा मिलिमीटर जाडी धरू बघते आणि कमी असेल तर काठ आत खेचते. पण काटे सहा मिलिमीटर भरलेल्या बश्यांनाही होते. मी ते वहीत लिहिलं आणि पुढे गेले. तिथे थांबायला हवं होतं.

रात्रीचा आवाज

चारांपैकी दोन बश्या बऱ्या होत्या. त्यातली एक खोली १४ ची. मांडणीवर ठेवली. तिसऱ्या रात्री मी गाळा बंद करत असताना मागे "टक्" असा आवाज आला, सुपारी फोडल्यासारखा. बशी पुढच्या कडेपासून इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाने दोन तुकडे झाली होती. कड धारदार. कोणी हात लावला नव्हता.

वळणदार तडा, धारदार कड, काही दिवसांनी. याचा अर्थ ॲनीलिंग, म्हणजे निवताना काचेला द्यायचा थांबा आणि सावकाश उतार, कमी पडलं. काच निवताना बाहेरचा भाग आधी घट्ट होतो, आतला नंतर. एका ठरावीक तापमानाला थांबवून सगळीकडे सारखं तापमान येऊ दिलं नाही, किंवा त्याखाली सावकाश उतरवलं नाही, तर ताण आत गोठतो. खिडकीच्या काचेसाठी मी ५४५ अंशांना तासभर थांबत होते, मग ताशी ८० ने ४९० पर्यंत आणि तिथे भट्टी बंद. सहा मिलिमीटरला हे पुरायला हवं होतं, पूर्वी पुरतही होतं.

पुढची दोन फायरिंग मी चाळीच्या जिन्याच्या खिडकीच्या काचेवर केली. ती कोणाच्याच वाट्याची नव्हती. ॲनीलिंग तासाचं दोन तास केलं. बशी तपासली तर ताण तसाच.

ताण बघायला महागडं यंत्र लागत नाही. लॅपटॉपचा एलसीडी पडदा पूर्ण पांढरा करायचा, त्यातून येणारा प्रकाश ध्रुवित असतो. समोर पोलरॉइड गॉगल धरून पडदा काळा होईपर्यंत फिरवायचा. मग मध्ये काच धरायची. निवांत काच काळीच दिसते. ताण असेल तिथे उजेड फुटतो. माझ्या बशीच्या पुढच्या कडेला, दाराच्या बाजूच्या, चांगला रुपयाएवढा उजेड होता.

दोन तास थांबूनही फरक नाही, म्हणजे वेळ कमी पडत नव्हता. मग एकच शक्यता राहिली: ज्या तापमानाला मी थांबते आहे असं समजत होते, तिथे मी थांबतच नव्हते.

वही पुन्हा उघडली. काटे. चिकटलेला लेप. फुटून विवर झालेला फुगा. या तिन्ही गोष्टी एका वाक्यात बसतात: भट्टी जास्त तापली. फुगा आला तरी प्रोग्रॅममधल्या ८३५ अंशांना पंधरा मिनिटांत त्याचं विवर होत नाही. पाच हात दिलेला ताजा लेपसुद्धा पाठीला चिकटला होता. चार तक्रारींपैकी तीन एकच तक्रार होती आणि मी त्यांच्यावर वेगवेगळी औषधं लावत बसले होते.

तार

जूनमध्ये गाळ्याचा पत्रा गळायला लागला तेव्हा मी भट्टी समोरच्या भिंतीकडून तीन मीटर अलीकडे आणली होती. भट्टीतलं तापमान जाणणाऱ्या थर्मोकपलपासून कंट्रोलरपर्यंतची केबल अपुरी पडली. वायरमन दादांनी ती काढून साधी टू-कोअर तांब्याची वायर टाकून दिली. वायर नवी, जोड पक्का, आकडा दिसतो आहे. कोणाला शंका यावी असं काही नव्हतं. विजेच्या कामात वायर ही वायर असते, त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. थर्मोकपलचं प्रकरण वेगळं आहे, हे सांगायचं काम माझं होतं.

थर्मोकपल तापमान मोजत नाही, तापमानातला फरक मोजतो. के टाइपमध्ये क्रोमेल आणि ॲल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात आणि दर अंशाच्या फरकाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट तयार होतात. तारांचं गरम टोक भट्टीत, थंड टोक कंट्रोलरच्या मागे. कंट्रोलर स्वतःच्या जागेचं तापमान बघतो, समजा ३३ अंश, आणि ते मिळवून आकडा दाखवतो. त्यासाठी दोन धातू थेट कंट्रोलरपर्यंत गेले पाहिजेत, म्हणून मधली केबल त्याच जातीची लागते. आपण मध्येच साधं तांबं जोडलं की थंड टोक त्या जोडावर येतं. माझा जोड भट्टीच्या पाठीला टेकलेल्या डब्यात होता. फायरिंग अर्धं झालं की तो डबा ७० अंशांच्या आसपास पोचायचा. कंट्रोलर मात्र ३३ च मिळवायचा. म्हणजे खऱ्यापेक्षा ३५-३७ अंश कमी आकडा.

आता सगळं जुळलं. कंट्रोलरच्या पडद्यावर ८३५, आत ८७० च्या वर. निवतानाही भट्टीचं अंग तापलेलंच, म्हणून चूक तशीच. पडद्यावर ५४५, आत ५८०: तिथे काच आरामात आहे, दोन काय चार तास थांबा. पडद्यावर ४९० ला भट्टी बंद, आत तेव्हा ५२५. खिडकीच्या काचेचा ताण गोठायचा पट्टा नेमका त्याखाली सुरू होतो. म्हणजे जिथे सर्वांत हळू उतरायचं, तिथेच मी भट्टी मोकळी सोडत होते. फायबरची भट्टी ब्रिकच्या भट्टीसारखी उष्णता धरून ठेवत नाही, वेगाने निवते, आणि दाराची बाजू सर्वांत आधी. तडा पुढच्या कडेपासून का निघाला हेही कळलं.

खात्री करायला मी थंड भट्टीवर एक प्रयोग केला. कोणालाही पाच मिनिटांत करता येईल असा आहे. मेन स्विच बंद करून, कॉइलला वीज जाणार नाही हे बघून, फक्त कंट्रोलर चालू ठेवला. आकडा ३२. मग पाठीमागच्या जोडावर केसांचा ड्रायर धरला. भट्टीत काहीच बदललं नव्हतं, तरी आकडा उतरायला लागला. २५, १८, ११, ६. बाहेरचा जोड तापवला आणि भट्टी "थंड" झाली! केबल योग्य असेल तर आकडा हलायला नको.

लोहार चाळीतून के टाइपची कॉम्पेन्सेटिंग केबल आणली, चार मीटर. दादांनाच बोलावलं. ड्रायरचा प्रयोग त्यांना करून दाखवला तेव्हा ते खाली बसले आणि स्वतः दोनदा करून पाहिला. "मॅडम, आणखी दोन ठिकाणी अशीच टाकली आहे मी," म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी तिकडे गेले. नवी केबल जोडताना धन-ऋण नीट बघावं लागतं. दोन्ही टोकांना उलटी लागली तर जोड तापेल तशी चूक दुपटीने येते.

उरलेल्या बश्या

सहावं फायरिंग पुन्हा जिन्याच्या काचेवर. ताशी १०० ने ६०० पर्यंत. तिथून ताशी ५० ने ६९० आणि पाऊण तास थांबा, म्हणजे काच वाकून थरांमधली हवा कडेकडे ढकलत नेते. वरच्या थराखाली चारही कोपऱ्यांना त्याच काचेचा कण ठेवला होता, हवेला दार उघडं राहावं म्हणून. मग ताशी २५० ने ८२५, बारा मिनिटं. ७०० ते ८०० चा पट्टा चढताना लवकर ओलांडायचा तो सायीसाठी. पुढे भट्टी आपली उतरू दिली ५४५ पर्यंत, एक तास. ताशी ६० ने ४३० पर्यंत, ताशी १०० ने ३०० पर्यंत आणि मग बंद. दाराला हात ५० अंशांच्या खाली आल्यावरच.

काठ गोल, काटा एकही नाही, पाठ हाताने पुसली तर लेप पावडरसारखा निघाला. लॅपटॉपसमोर धरली तेव्हा काच काळी होती, कडेपासून कडेपर्यंत.

त्यानंतर खऱ्या काचा लावल्या, चार-चार करून. खोली ८ आणि १७ ची तावदानं दोन मिलिमीटरची होती, त्यांना तीन थर दिले. खोली २१ च्या बशीवर टाकणखार लावूनही हलकी साय आलीच. ती मी बारीक सिलिकॉन कार्बाइडने पाण्याखाली घासून मॅट केली, पुन्हा तापवली नाही. प्रत्येक वाढीव फायरिंग म्हणजे त्या काचेला स्फटिक धरायची आणखी एक संधी.

राहिली १४. एकाच काचेची, ॲनीलिंगमुळे फुटलेली बशी पुन्हा जोडता येते, कारण तुकड्यांमध्ये वैर नसतं. दोन्ही तुकडे धुतले, घट्ट भिडवले, पातळ फायबर पेपरवर ठेवले आणि तोच प्रोग्रॅम दिला. जोड धरला. फक्त सांध्याची रेघ राहिली, केसासारखी, एका ठिकाणी बारीक बुडबुड्यांची माळ. कितीही तापवलं तरी ती जाणार नव्हती. मी काकांना फोन करून खरं ते सांगितलं आणि विचारलं, खोली १४ चं आणखी एखादं तावदान आहे का.

"नाही हो. दुसऱ्या खिडकीला प्लायवूड होतं," ते म्हणाले. मग त्यांनी त्या घरच्या काकूंनाच फोन दिला.

काकूंनी रेघ कुठून कुठे जाते ते विचारलं. मी सांगितलं, खालच्या कडेपासून वर, १ आणि ४ च्या मधून. फोटो पाठवू का म्हटलं तर नको म्हणाल्या. "आणाल तेव्हा बघते. फक्त आता फुटणार नाही ना, तेवढं सांगा."

मी लॅपटॉप उघडला, गॉगल लावला, बशी पडद्यासमोर धरली आणि फोन कानाला तसाच ठेवून पुन्हा एकदा नीट बघितलं.

"नाही फुटणार, काकू," म्हटलं.